बुसल्फानचे चार दिवस, सायक्लोफॉस्फामाइडचे दोन : सातारा ते पुणे, माझ्या ट्रान्सप्लांटचा अनुभव

रक्ताच्या कर्करोगासाठी माझ्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटची, म्हणजे हाडांतली मज्जा बदलण्याची, तारीख ठरली तेव्हा मी आणि माझे मिस्टर रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसायचो. मराठीत सापडायचं ते बहुतेक नुसतं धीर देणारं असायचं आणि इंग्रजीत सापडायचं ते डॉक्टरांसाठी लिहिलेलं. सलाइनमधून नक्की काय जाणार, कोणत्या दिवशी काय सांभाळायचं, घरच्यांनी काय करायचं, हे एका जागी कुठंच मिळालं नाही. आता वर्ष उलटून गेलंय, बसून लिहिण्याइतकी ताकद आलीय, म्हणून लिहितेय. मी साताऱ्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. डॉक्टर नाही. इथं डोसाचे जे आकडे दिलेत ते माझ्या वजनाचे आणि माझ्या आजाराचे आहेत, तुमचे वेगळे असतील.

जून 2023. शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, वर्गाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची, मांड्यांवर कुठंही न आपटता निळे डाग उठले होते. पोवई नाक्याजवळच्या लॅबमध्ये सीबीसी केली. संध्याकाळी लॅबच्या डॉक्टरांचाच फोन आला, रिपोर्ट न्यायला घरातलं मोठं माणूस पाठवा म्हणाले. हिमोग्लोबिन 6.8, प्लेटलेट 19 हजार, पांढऱ्या पेशी 48 हजार आणि त्यातल्या बहुतेक ब्लास्ट, म्हणजे अर्धवट वाढलेल्या, आजारी पेशी. त्याच रात्री खंबाटकी ओलांडून आम्ही पुण्यात होतो. बोनमॅरोच्या तपासणीत अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग निघाला.

पहिल्या केमोबद्दल फार लिहीत नाही, त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय. सात दिवस सायटाराबिन, त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन. महिनाभर वॉर्डात. आजार रेमिशनमध्ये आला, म्हणजे तपासणीत दिसेनासा झाला. पण जनुकांच्या तपासणीत एफएलटी-3 नावाचा बदल सापडला होता. तो असला की नुसत्या केमोवर आजार उलटण्याची भीती जास्त असते, म्हणून डॉक्टरांनी रेमिशन टिकून आहे तोवर ट्रान्सप्लांट करून घ्या असं सांगितलं.

मग एचएलए तपासणी, म्हणजे कोणाच्या पेशी माझ्याशी जुळतात ते बघणं. सख्ख्या भावंडांतलं प्रत्येक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. भाऊ अर्धा जुळला, धाकटी बहीण पूर्ण. रिपोर्टला दोन-अडीच आठवडे लागले आणि ते दिवस मला केमोपेक्षा जड गेले. एक सूचना इथंच लिहून ठेवते. ट्रान्सप्लांटची थोडी जरी शक्यता असेल तर सख्ख्या नातेवाइकांचं रक्त किंवा प्लेटलेट आधी चढवून घेऊ नका. शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध तयार होऊ शकतं आणि पुढं त्यांच्याच पेशी नाकारू शकतं. आमचा भाऊ पहिल्याच रात्री रक्त द्यायला धावला होता, तिथल्या सिस्टरनी त्याला थांबवलं. तिचे उपकार.

पैशांचं स्पष्ट सांगते, कारण हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर कोणी देत नाही. आधीच्या केमोंचे आठ लाखांच्या आसपास झाले होते. ट्रान्सप्लांटच्या ॲडमिशनचा अंदाज बारा ते पंधरा लाखांचा मिळाला, प्रत्यक्षात चौदाच्या पुढं गेला. मिस्टरांच्या मेडिक्लेमचे पाच लाख, शिक्षकांच्या बँकेचं कर्ज, माझे दागिने, आणि उरलेले माहेर-सासरकडून. सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीत रक्ताचा कर्करोग गंभीर आजारांत धरतात, त्यामुळं खर्चाचा काही भाग नंतर मागता येतो. पण ते नंतर. आधी सगळं खिशातूनच जातं. जे नोकरीत नाहीत त्यांनी रुग्णालय निवडण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले योजनेबद्दल विचारावं. भरती झाल्यावर विचारलं तर उशीर होतो.

रजेचा अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. अर्धवेतनी रजा परिवर्तित करून घेतली, ती संपल्यावर असाधारण रजा. प्रत्येक टप्प्याला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, म्हणून डिस्चार्जच्या वेळीच पुढच्या मुदतीचं लिहून घ्यायचं. त्यासाठी साताऱ्याहून पुन्हा पुण्याला जाणं परवडत नाही.

दिवाळी घरी झाली. लेक तेव्हा तिसरीत होती. तिला माझ्या आईकडं करंजे इथं ठेवायचं ठरलं. दिवाळीनंतर तपासण्यांचा सपाटा: टू-डी इको, फुप्फुसांची क्षमता, यकृत, मूत्रपिंड, सायनस आणि छातीचं सीटी, दातांचा डॉक्टर. माझी एक दाढ त्यांनी काढायला लावली. प्रतिकारशक्ती शून्य असताना किडका दात जिवावर बेतू शकतो. पाळी थांबवणारं इंजेक्शनही आधीच दिलं. प्लेटलेट दहा हजारांवर असताना पाळी आली तर रक्तस्राव आवरत नाही.

भरती होण्याआधीच्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा चौघांना समोर बसवलं. मी, मिस्टर, बहीण आणि बहिणीचे सासरे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. कोरेगावकडचे, आल्याचे शेतकरी. सून पेशी देणार म्हटल्यावर त्यांच्या मनात धाकधूक होती आणि ती त्यांनी लपवली नाही. “पोरीला पुढं काय अशक्तपणा, बाळंतपणाला त्रास?” त्यांनी सरळ विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. पाच दिवस इंजेक्शनं, त्यानं मज्जेतल्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी रक्तात उतरतात, मग एका हातातून रक्त मशिनमध्ये जाऊन दुसऱ्या हातातून परत. भूल नाही, चिरफाड नाही. दिलेल्या पेशी शरीर पुन्हा भरून काढतं.

मग माझा नंबर. बहिणीच्या पेशी चढवण्याआधी मला द्यायच्या केमोची कागदावर दोन नावं होती, बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइड. दोन्ही अल्किलेटिंग गटातली. म्हणजे पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतात, त्याचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतात, आणि पेशीला दुभंगता येत नाही. मी विचारलं, “दोन्ही एकाच जातीची आहेत म्हणता, मग दोन कशाला? एकाचाच डोस वाढवा की.”

त्यांचं उत्तर मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. बुसल्फान मज्जेतल्या मूळ पेशींवर घाव घालतं, अगदी सुस्त पडून राहिलेल्यांवरसुद्धा. पण प्रतिकारशक्तीच्या लिम्फोसाइट पेशींवर त्याचा जोर कमी. सायक्लोफॉस्फामाइडचं उलटं. ते लिम्फोसाइटना नमवतं, पण मूळ पेशींमध्ये त्याला निष्प्रभ करणारं एन्झाइम भरपूर असतं, त्यामुळं त्या बऱ्याच वाचतात. अप्लास्टिक ॲनिमियात मज्जा आधीच रिकामी असते, म्हणून तिथं बुसल्फानशिवाय भागतं. माझ्या मज्जेत मात्र आजाराच्या पेशी लपलेल्या असू शकत होत्या, त्या काढायला बुसल्फान हवं. आणि बहिणीच्या पेशी परक्या म्हणून हाकलल्या जाऊ नयेत यासाठी सायक्लोफॉस्फामाइड.

दुसरं कारण तितकंच महत्त्वाचं. कुठलंही एक औषध वाढवत नेलं तर मज्जेच्या पलीकडचा कुठला तरी अवयव आधी हात टेकतो. बुसल्फानला तो यकृत. सायक्लोफॉस्फामाइडला हृदय, आणि मूत्राशयही जपावं लागतं. मज्जेवरचा घाव दोन्ही औषधांत सामायिक, पण तो बहिणीच्या पेशी भरून काढणार. बाकीचं ओझं वेगवेगळ्या अवयवांवर वाटलं जातं.

अण्णा सगळं ऐकत होते. म्हणाले, “म्हंजी एका औषधानं रान मोकळं करायचं, आन् नव्या बियाला खाणारी हुमणी दुसऱ्या औषधानं मारायची.” डॉक्टर हसले आणि म्हणाले, आता मी सगळ्यांना असंच सांगणार. त्या दिवसानंतर अण्णांनी पुन्हा शंका काढली नाही. उलट बहिणीला इंजेक्शनं सुरू होती तेव्हा ते पुण्यात तिच्यासोबत राहिले.

ही जोडी नवी नाही. जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. सँटोस आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ती माझ्याच प्रकारच्या ल्युकेमियासाठी प्रसिद्ध केली. तेव्हा सायक्लोफॉस्फामाइड चार दिवस असायचं. 1987 मध्ये डॉ. तुत्श्का यांच्या गटानं ते दोन दिवसांवर आणलं आणि आज बहुतेक ठिकाणी तसंच देतात. त्या काळी बुसल्फान शिरेतून नव्हतं, 2 मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या. पन्नास किलोच्या माणसाला एका वेळी पंचवीस गोळ्या, दर सहा तासांनी, चार दिवस. उलटी झाली की किती पोटात राहिलं ते मोजायचं. शिरेतून देण्याचं औषध अमेरिकेत 1999 मध्ये मंजूर झालं. हे वाचलं तेव्हा त्या गोळ्या गिळलेल्या माणसांची मला फार आठवण येत राहिली, ओळख ना पाळख.

24 नोव्हेंबरला भरती झाले. छातीत हिकमन लाइन, म्हणजे औषधं आणि रक्तासाठी मोठ्या शिरेत जाणारी नळी, बसवली. ट्रान्सप्लांटची खोली म्हणजे हवा गाळून आत सोडणारी, दाराला दार असलेली. आत एकच माणूस, तो माणूस बदलायचा नाही. आमच्याकडं मिस्टर आत होते आणि सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्या जवळच घेतलेल्या भाड्याच्या खोलीत. आत नेलेली प्रत्येक वस्तू पुसून जाते. कापडी पिशव्या, वर्तमानपत्र, देव्हाऱ्यातली फुलं, अंगारा, यातलं काहीही नेता येत नाही. चार्जरची लांब वायर, पुढून बटणांचे सुती शर्ट (लाइनमुळं डोक्यातून कपडे काढता येत नाहीत), अगदी मऊ ब्रश आणि वही मात्र न्या.

दिवस उलटे मोजतात. पेशी चढवायचा दिवस शून्य. माझा शून्य होता गुरुवार, 7 डिसेंबर 2023. म्हणून 30 नोव्हेंबर हा मायनस सात.

बुसल्फान सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून लेव्हेटिरासेटाम ही फिट न येण्याची गोळी सुरू झाली. मला कधी फिट आलेली नाही, मग ही कशाला, असं मिस्टरांनी विचारलं. बुसल्फान मेंदूपर्यंत पोचतं आणि तिथं झटके आणू शकतं. ही गोळी एकदाही चुकवायची नाही. यकृतासाठी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्याही तेव्हापासूनच.

आणि पॅरासिटामॉल बंद. हे घरच्यांना ठासून सांगा, कारण आपल्याकडं डोकं दुखलं की क्रोसिन हा प्रत्येक घरचा उपाय आहे. बुसल्फानचा निचरा यकृत ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याच्या मदतीनं करतं आणि पॅरासिटामॉल तेच द्रव्य खर्ची घालतं. म्हणजे बुसल्फान शरीरात जास्त साचतं. औषधाच्या 72 तास आधीपासून पॅरासिटामॉल टाळायचं असतं. जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडाझोलचं आणि बुरशीवरच्या काही औषधांचंही तसंच. आत्यांच्या पर्समधली पॅरासिटामॉलची पट्टी मिस्टरांनी काढून घेतली, चुकून कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. गंमत म्हणजे त्याच दिवसांत बहिणीला इंजेक्शनांमुळं कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकत होती, आणि तिला दिलासा होता तो पॅरासिटामॉलचाच.

माझं वजन 52 किलो. किलोमागं 3.2 मिलिग्रॅम, म्हणजे रोज साधारण 166 मिलिग्रॅम बुसल्फान, तीन तासांत. काही ठिकाणी हेच दर सहा तासांनी सोळा हप्त्यांत देतात. पहिल्या डोसानंतर ठरलेल्या वेळांना रक्त घेऊन औषधाची पातळी मोजली. पातळी फार कमी राहिली तर पेशी न रुजण्याची आणि आजार उलटण्याची भीती, फार जास्त झाली तर यकृताला धोका. माझा डोस किंचित कमी केला. तुमच्या केंद्रात ही सोय आहे का, हे आधी विचारून ठेवा.

त्या चार दिवसांत मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. मळमळ, तोंडाला धातूची चव, झोप. तिसऱ्या दिवशी मिस्टरांबरोबर लुडो खेळले. भीती वाटायची ती काहीच न होण्याची. औषध आत जातंय, मज्जा संपत चाललीय, आणि आपल्याला काहीच कळत नाही. रक्ताचे आकडेसुद्धा लगेच पडत नाहीत.

रविवारी शेवटचं बुसल्फान दुपारी संपलं. सायक्लोफॉस्फामाइड सोमवारी दुपारनंतर. मधे किमान 24 तास मुद्दाम सोडतात. बुसल्फाननं यकृतातलं ग्लुटाथायोन कमी केलेलं असतं, आणि सायक्लोफॉस्फामाइडला कामाला लावणारं, मग त्याचे विषारी अंश आवरणारंही यकृतच. दोन्ही घाईनं पाठोपाठ दिली तर यकृतातल्या बारीक शिरा बंद पडण्याचा आजार होऊ शकतो, त्याला व्हीओडी म्हणतात. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ वजन आणि टेपनं पोटाचा घेर. वजन अचानक वाढलं, उजव्या बरगडीखाली दुखलं, डोळे पिवळे दिसले, तर लगेच सांगायचं. मिस्टर हे दोन आकडे वहीत लिहायचे. एका संध्याकाळी वजन दीड किलोनं जास्त भरलं. डॉक्टरांनी लघवी वाढवायचं इंजेक्शन दिलं, सकाळी उतरलं. तोवर आम्ही दोघंही झोपलो नाही. व्हीओडीवर डेफिब्रोटाइड हे औषध आहे, पण ते इतकं महाग आहे की त्याचा नुसता उल्लेख झाला तरी पोटात गोळा यायचा.

सायक्लोफॉस्फामाइडचे दोन दिवस म्हणजे पाणी. किलोमागं 60 मिलिग्रॅम, म्हणजे रोज 3 ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. हे औषध शरीरात मोडताना ॲक्रोलिन तयार होतं, ते मूत्राशयात साचून राहिलं तर आतलं अस्तर सोलतं आणि लघवीतून रक्त येतं. त्यावर दोन उपाय. ॲक्रोलिनला बांधून टाकणारं मेस्ना हे औषध, आणि चोवीस तास भरभरून सलाइन. दर दोन तासांनी लघवीला उठायचं, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी माप घ्यायचं आणि पट्टी बुडवून रक्त आहे का बघायचं. रात्री तीनला उठून उभं राहणं नकोसं व्हायचं, पण कारण माहीत असल्यानं मी कधी टाळलं नाही. मिस्टर हात धरून उभे असायचे. बायकोच्या लघवीचं माप लिहिणारा नवरा मी आमच्या पिढीत दुसरा पाहिलेला नाही. हृदयासाठी रोज ईसीजी होत होता. उलट्या मात्र याच दोन दिवसांत झाल्या, भरपूर.

कॉरिडॉरमध्ये बाकीच्यांचे नियम वेगळे दिसायचे. शेजारच्या खोलीत थॅलेसेमियाचा एक मुलगा होता, त्याची आई त्याला दिवसरात्र सारखी आंघोळ घालायची, चादर बदलायची. त्याला थायोटेपा सुरू होतं, तेही याच अल्किलेटिंग गटातलं. ते घामातून बाहेर येतं आणि काखेत, सांध्यांच्या घड्यांत कातडी भाजते. म्हणून वारंवार आंघोळ, आणि अंगाला तेल किंवा क्रीम अजिबात नाही. तिला दोन दिवस वाटत होतं हे जंतूंसाठी चाललंय, म्हणून पोरगं झोपलं की ती रात्रीची आंघोळ पुढं ढकलायची. सिस्टरनी समजावल्यावर तिनं एकही चुकवली नाही. पलीकडच्या मायलोमाच्या (हा मज्जेतलाच एक कर्करोग) काकांना मेल्फॅलन देताना बर्फ चघळायला लावला होता, तोंडातल्या शिरा आकसून औषध तिथं कमी पोचावं म्हणून. त्यांच्या स्वतःच्याच पेशी आधी काढून ठेवलेल्या होत्या. लिम्फोमावाल्यांना (लसिका ग्रंथींचा कर्करोग) चार औषधं असतात, त्यात कार्मुस्टिन आणि मेल्फॅलन ही दोन याच गटातली. कार्मुस्टिन फुप्फुसांना त्रास देऊ शकतं, त्यामुळं घरी गेल्यावरही कोरडा खोकला अंगावर काढायचा नाही. तुमच्या कागदावर जी नावं असतील त्यांचे नियम एकेक करून विचारून घ्या. नर्सना हे सगळं पाठ असतं आणि विचारलेलं त्यांना आवडतं.

6 डिसेंबर, आराम. 7 तारखेला बहीण सकाळपासून मशिनवर, चार-साडेचार तास. ओठांना मुंग्या आल्या, कॅल्शियम दिल्यावर थांबल्या. दुपारी गडद लाल रंगाची पिशवी माझ्या खोलीत आली आणि साध्या रक्तासारखी तासाभरात चढली. बहीण काचेपलीकडून फोनवर म्हणाली, “ताई, आता माझ्यासारखी जाडी होशील.” माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह, तिचा ओ. ट्रान्सप्लांटनंतर काही महिन्यांत माझाही ओ झाला. शाळेच्या ओळखपत्रावरचा रक्तगट बदलून घ्या, असं डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. ते खरंच करा.

पुढचे दोन आठवडे सगळ्यात वाईट. पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या दिवशी मेथोट्रेक्सेट, बहिणीच्या पेशींनी माझ्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून, शिवाय सायक्लोस्पोरिन. तोंड आधीच बुसल्फाननं सोललेलं, त्यात ही भर. थुंकी गिळता येईना. मॉर्फिनचा पंप लावला, तो घ्यायला लाजू नका. ताप आला, अँटिबायोटिक बदलले. केस उशीवर. काखेत, मानेच्या घडीत कातडी काळी पडली. हा बुसल्फानचाच परिणाम, काही महिन्यांत तो उजळला.

या काळात प्लेटलेट लागतात, जवळजवळ रोज. सिंगल डोनर प्लेटलेटची, म्हणजे एकाच दात्याकडून मशिननं काढलेल्या प्लेटलेटची, एक पिशवी आम्हाला अकरा-बारा हजारांना पडत होती आणि दाता आपणच आणायचा. माझ्या शाळेतल्या सरांनी साताऱ्यात यादी केली. वजन पंचावन्नच्या वर, हाताची शीर ठळक, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नाही, रात्रीचं जागरण नाही. चारचाकी करून पहाटे निघायचे, दुपारी परत. माझे जुने विद्यार्थी त्यात होते, आता मिसरूड फुटलेले. त्यांची नावं लिहीत नाही, पण प्रत्येकाचं नाव वहीत आहे. यादी भरतीच्या आधीच करा, आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात बोलावू नका. चढवायचं प्रत्येक रक्त किरणोत्सर्ग दिलेलंच आहे ना, हे पिशवीवर बघायची सवय लावून घ्या.

आत्या खोलीवर कुकरमध्ये शिजवून डबा द्यायच्या. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी. दही, कच्चा कांदा, कोशिंबीर, चटणी, वरून पेरलेली कोथिंबीर, सगळं बंद. फळ फक्त जाड सालीचं आणि समोर सोललेलं. पाणी उकळलेलं. मला आठ-दहा दिवस काही गेलंच नाही, पण डबा रोज आला.

23 डिसेंबरला न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तिसऱ्या दिवशी पाचशेच्या वर राहिले. पेशी रुजल्या. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात डिस्चार्ज, पण साताऱ्याला नाही. शंभर दिवस रुग्णालयाजवळच राहायचं असतं. भाडं आणि डिपॉझिट खर्चात आधीच धरा. आठवड्यातून दोनदा तपासणी, सायक्लोस्पोरिनची पातळी (तपासणीच्या सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची), सीएमव्ही विषाणूची चाचणी. जानेवारीत तळहातांवर आणि कानांमागं लाल पुरळ उठलं. जीव्हीएचडी, म्हणजे नव्या पेशींचा माझ्या कातडीवर राग. स्टेरॉइडनं आवरला. पुरळ, जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा, ताप, यांपैकी काहीही दिसलं तर रात्री दोनलाही फोन करायचा. आम्ही केला होता, कोणी रागावलं नाही.

16 मार्च 2024 शंभरावा दिवस. गुढीपाडव्याला मी साताऱ्यात घरी होते. लेकीला जवळ घेता येत होतं, फक्त तिला सर्दी नसेल तेव्हा. समोर बांधकाम सुरू होतं, त्या धुळीतली बुरशी फुप्फुसांत जाऊ शकते म्हणून त्या बाजूच्या खिडक्या सहा महिने बंद ठेवल्या.

प्रतिपूर्तीची फाइल मिस्टरांनी केली. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र, खर्चाचा गोषवारा, सगळ्याच्या तीन प्रती. शिक्षण विभागातून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे छाननीला. फाइल एकदा त्रुटी लावून परत आली, काही औषधांच्या बिलांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली नव्हती. औषध बाहेरच्या दुकानातून घेतलंत तर चिठ्ठीची झेरॉक्स बिलालाच टाचून ठेवा, आणि थर्मल कागदावरची बिलं लगेच झेरॉक्स करा, अक्षरं उडतात. मंजुरीला वर्षाच्या आसपास लागलं. पूर्ण रक्कम मिळाली नाही, पण बँकेच्या कर्जाचा मोठा भाग फिटला.

जुन्या लसींचं संरक्षण पुसलं जातं, त्यामुळं लेकीला बाळपणी दिलेल्या लसी मला पुन्हा घ्याव्या लागल्या. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी निदान दोन वर्षं तरी नाहीत, आणि तेव्हाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद असतील तरच. शाळेत मी जून 2025 ला रुजू झाले.

एक गोष्ट बायकांसाठी, कारण ती बायकांच्या कानावर फार कमी येते. बुसल्फानचा अंडाशयावर परिणाम जवळजवळ नक्की होतो. मला सदतिसाव्या वर्षी रजोनिवृत्ती आली. रात्री घामानं भिजणं, चिडचिड, अंगात कोरडेपणा, सांधे दुखणं, हे सगळं ट्रान्सप्लांटच्या अशक्तपणात मिसळून जातं आणि वेगळं ओळखू येत नाही. माझ्या डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मूल हवं असलेल्या मुलींनी पहिली केमो सुरू होण्याआधीच बीज किंवा गर्भ गोठवण्याबद्दल विचारावं. ल्युकेमियात तेवढा वेळ बहुतेकदा मिळत नाही, पण विचारावं. पुरुषांना वीर्य गोठवणं त्या मानानं सोपं असतं, त्याला एक-दोन दिवस पुरतात. मला लेक आहे, तरी पाळी परत येणार नाही हे कळल्यावर मी पुष्कळ रडले, आणि त्यात वावगं काही नाही. डिस्चार्जनंतर स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट रक्ताच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. माझी संप्रेरकांची गोळी सुरू आहे, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी रोज, आणि हाडांची घनता दरवर्षी डेक्सा स्कॅनवर बघतात. स्टेरॉइड घेतलेल्यांनी ही तपासणी चुकवू नये.